अडुळशाचा पाठ

१

मी एकतीस वर्षं मुलींच्या इंटर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे कुणी काही गूढबिढ सांगायला लागलं की मी आधी विचारते, चष्मा लावला होता का? हे लिहायला बसताना मी स्वतःलाही तेच विचारलं. लावला होता.

ह्या हिंदी मुलखात, राजा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. मी आणि माझा धाकटा भाऊ देवव्रत, दोघंच राहतो. मी लग्न केलं नाही, त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. देवू घनपाठी आहे. म्हणजे मंत्रातले शब्द तो नुसते सरळ म्हणत नाही, गुंफून म्हणतो. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा-तिसरा. मग दुसऱ्या शब्दापासून हेच सगळं पुन्हा. इतकं उलटसुलट म्हटलं की एकही शब्द हरवू शकत नाही, असं आमचे वडील सांगायचे.

अडुळसा मी लावला निवृत्त झाल्यावर. कार्तिक सरला की ह्या गल्ल्यांत मधमाश्यांना, भुंग्यांना खायला काही उरत नाही. मोहरी फुलते ती पार नदीपलीकडे. इथे बिचाऱ्या देवळातल्या हारांवर घिरट्या घालतात. अडुळसा मात्र ऐन थंडीत फुलतो, इथलाच आहे, पाणी फार मागत नाही, आणि त्याला शेळीही तोंड लावत नाही. दोन वीत कांडी अंगणातल्या भिंतीशी रोवली, आज ती दीड पुरुष उंच आहे आणि भिंत दिसत नाही. गुलाब लावायचा सोडून मास्टरनीने जंगल उगवलंय, असं वरच्या मजल्यावरची मिसिराइन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मी म्हटलं, जंगलात निदान शांतता असते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, फक्त ओरडते.

रुची म्हणून माझी एक जुनी विद्यार्थिनी आता विद्यापीठात कीटकांवर काम करते. तिच्यासाठी मी रोज दहा ते सव्वादहा मोजणी करते. दहा तुऱ्यांना एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या आहेत. कोण आलं आणि कुठल्या तुऱ्यावर बसलं, एवढंच वहीत लिहायचं.

ह्या हिवाळ्यात देवूचा खोकला हटेना. माघातल्या वेदसभेत त्याला घन म्हणायचा होता. वडिलांमागे घरात घन म्हणणारा हा एकटाच उरला. त्याचा गळा गेला तर त्याच्याकडे दुसरं काही नाही, हे तो बोलत नव्हता आणि मी विचारत नव्हते. पानांचा काढा मी देतच होते. शिवाय त्याची रोजच्या आवृत्तीची, म्हणजे उजळणीची, बैठक खोलीतून उचलून अडुळशापाशी नेली, कारण थंडीतलं ऊन अंगणात तेवढ्याच तुकड्यावर पडतं. ही कल्पना माझी होती. ते मुद्दाम लिहून ठेवते.

पौषातल्या एका गुरुवारी धुकं इतकं होतं की भिंतीवरचं माकडही धूसर दिसत होतं. अशा थंडीत एकही कीटक बाहेर पडत नाही. मी वहीत दहाच्या दहा तुऱ्यांपुढे शून्य लिहिलं. तरी झुडपात गुणगुण चालू होती. खाली घाटावर कुठल्यातरी नावेची मोटार चालू असेल, असं म्हणून मी आत गेले. स्वयंपाकघरात ती ऐकू येत नव्हती. नावेची मोटार आमच्या स्वयंपाकघरात नेहमी ऐकू येते.

२

तीनचार दिवसांनी देवू आवृत्ती करत होता आणि मी आत मटार सोलत होते. मध्येच त्याला ढास लागली, म्हणणं तुटलं. मग क्षणभर शांतता. मग त्याने एक शब्द दोनदा म्हटला आणि पुढे निघाला.

वैदिकांची ही खोडच असते. लहानपणी गुरू मागून शब्द देतो, शिष्याने तो दोनदा म्हणायचा. कोण बोललं, बरोबर का चूक, असलं काही विचारायचं नाही, वळूनही बघायचं नाही. पन्नाशी उलटली तरी ते अंगातून जात नाही.

देवू उपरणं आवळत आत आला.

"ताई, मघाशी शब्द तू दिलास?"

"मी? मला कुठे येतं?"

"मग कुणी दिला? मागून आला. मी आपला म्हणून टाकला."

"तुला ताप असेल. दवाई घेतलीस का सकाळची?"

"घेतली गं." तो उंबऱ्यावर बसला. "पण तो शब्द तिथला नाहीच. आणि आता तिथला कुठला ते आठवत नाही. म्हणजे बघ, जागा कळतेय, रिकामी आहे. शब्द नाही."

चाळीस वर्षांत देवूच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलं नव्हतं.  तरी मी त्याला म्हटलं की खोकल्याच्या औषधाने डोकं जड होतं, सगळ्यांचंच होतं.

आणि मी खोटं बोलले होते. मला येत होतं. वडील पडवीत मुलांना शिकवायचे तेव्हा मी दाराआड वाती वळत बसायचे. मुलींना शिकवत नसत, पण कानांना कोण अडवणार? मला तो हरवलेला शब्द माहीत होता. मी तो दिला नाही, कारण मग कुठून आला ते सांगावं लागलं असतं.

३

त्या आठवड्यात ऊन जरा वर आलं आणि मोठा काळा भुंगा यायला लागला. मला बरं वाटलं. खरा भुंगा, जाडजूड, पाठीवर परागांची धूळ. मी आकडे टिपत गेले आणि जेवण झाल्यावर वही रुचीला पाठवण्यासाठी वाचायला घेतली.

एक, दोन. दोन, एक. एक, दोन, तीन. तीन, दोन, एक. एक, दोन, तीन.

खालच्या ओळीत दोन, तीन. तीन, दोन. दोन, तीन, चार. चार, तीन, दोन. दोन, तीन, चार.

मी पान उलटलं. आदल्या दिवशीचं वाचलं, त्याच्या आदल्या दिवशीचं वाचलं. वाचता वाचता माझी मान आपोआप खालीवर होऊ लागली, तेव्हा मी वही मिटली.

भुंगे ठरलेल्या फेऱ्याने फुलं घेतात, हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलं आहे. फेरा ठरलेला असतो, हे मला मान्य आहे. पण नुकतंच रिकामं केलेलं फूल कुठलाही भुंगा लगेच उलट जाऊन पुन्हा चाटत नाही. त्यात त्याच्या पोटाला काय मिळणार? ह्याला पोटाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नुसते आकडे न लिहिता तुऱ्यांकडे पाहिलं. वडील शिकवताना मुलाच्या डोक्यावर पंजा ठेवून स्वर घटवायचे. खालच्या स्वराला डोकं दाबायचे, वरच्याला उचलायचे, मधल्याला धरून ठेवायचे. तुरे तसे हलत होते. दबत, उठत, थांबत. वारा नव्हता. शेजारी दोरीवर देवूचं धोतर वाळत होतं, त्याची किनारसुद्धा हलत नव्हती.

देवू झुडपाकडे पाठ करून बसला होता. त्याची मानही हलत होती, तुरा हलल्यावर, किंचित मागून.

४

मी मोबाइलवर चार मिनिटं चित्रण केलं आणि रुचीला पाठवलं. संध्याकाळच्या आत तिचा फोन आला.

"मॅडम, कौन सा भुंगा? मला तर काही दिसत नाहीये."

"पहिल्या तुऱ्यावर बघ. चांगला अंगठ्याएवढा आहे."

"सच में नाही मॅडम. नुसते तुरे हलताहेत. एकामागून एक. वारा असेल ना?"

मी पाहिलं. तिचं खरं होतं. चित्रणात भुंगा नव्हता. तुरे आपले आपण दबत होते, पहिला, दुसरा, दुसरा, पहिला. मी सकाळी त्याच जागी उभी राहून त्याच्या पंखांवरची निळी झाक पाहिली होती.

"डोळे तपासून घ्या एकदा," रुची हलकेच म्हणाली. एरवी मी तिला झाडलं असतं. त्या दिवशी मला वाटलं, डोळेच असू देत. मोतीबिंदू असला तर किती बरं होईल!

दोन दिवसांनी देवूला घेऊन डॉक्टरकडे गेले. एक्स-रे, रांग, रिपोर्ट, असं करत बारापासून साडेचारपर्यंत आम्ही तिथेच. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. येताना त्याने रिक्षात माझा हात धरला, जे त्याने लहानपणापासून केलं नव्हतं, आणि म्हणाला, "ताई, आज सकाळी सात शब्द गेले. सात. बदली दुसरेच येतात आणि ते इतके पक्के बसतात की काढता येत नाहीत. सभेत उभा राहिलो आणि तेच तोंडातून निघाले तर?"

घरी पोचतो तोच मिसिराइन गॅलरीतून कडाडली. "मास्टरनी जी, भइया से कह दीजिए जरा धीरे पढ़ें! दोपहर भर पढ़ते रहे, आँख नहीं लगी हमारी!"

देवू माझ्याकडे बघत राहिला. मी कुलूप काढत होते. जाताना मीच लावलं होतं ते.

५

मी बागकाम करणारी बाई आहे. झाडावर रोग दिसला की फांदी छाटायची, हे मला कळतं. सकाळी देवू स्नानाला घाटावर गेल्यावर मी कोयता घेऊन एक ते तीन नंबरचे तुरे असलेली फांदी बुडापासून तोडली. अडुळशाला तसा वास येतोच, उग्र, हिरवा. ह्या फांदीतून उबदार वाफ आली. माणूस थंडीत बोलला की येते तेवढी. ओलं लाकूड आहे, म्हणून मी ती कचऱ्यात टाकली.

देवू परतला तो पायऱ्यांवरच धाप लागून बसला. चेहरा पांढराफटक.

"पहिलं सूक्त गेलं," तो म्हणाला. "अख्खं. घाटावर अर्घ्य देताना गेलं. ताई, काय केलंस तू?"

 तो रडला. चौपन्न वर्षांचा, चारचौघांत कडक सोवळं पाळणारा माणूस ओल्या पंच्यात बसून लहान पोरासारखा रडला, आणि मला त्या झुडपाचा इतका संताप आला की मी त्याला तसंच सोडून कोयता घेऊन मागे गेले. शब्द जायचे तर जाऊ देत, मुळासकट उपटून काढते, असं माझ्या मनात होतं.

पुढच्या दोन फांद्या बाजूला करून मी आत शिरले. झुडूप आणि भिंत ह्यांच्यामध्ये जागा आहे हे मला ठाऊक नव्हतं. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. खाली पाचोळा दाबून गुळगुळीत झाला होता, रोज कुणी बसून उठत असल्यासारखा. मागच्या भिंतीचा चुना डोक्याच्या उंचीला घासून गेला होता. गुणगुण तिथे सगळीकडून येत होती. मी वाकून बुंध्यावर कोयता टेकवला.

माझ्या डोक्यावर पंजा ठेवला गेला.

फांदी असेल. मी अजून म्हणते, फांदी असेल. पण फांदी टाळू शोधत नाही. त्याने माझं डोकं खाली दाबलं, धरलं, वर उचललं, आणि पुन्हा खाली. सावकाश, न दुखवता, पहिल्या दिवशी मुलाला शिकवतात तसं. माझ्या डोक्यावर वडिलांनी कधी तसा हात ठेवला नव्हता. मी साठ वर्षं त्याची वाट पाहत होते हे मला त्या क्षणी कळलं. मला ते आवडलं. हे लिहायला लाज वाटते, पण आवडलं, आणि मी तोंड उघडून म्हणायला लागले.

किती वेळ म्हटलं, सांगता येत नाही. देवूच्या खोकल्याने भानावर आले. कोयता तिथेच टाकून मी बाहेर पळाले.

६

सभेला आठ दिवस होते. मी देवूला स्वयंपाकघरात बसवलं, मागचं दार लावलं, खिडकी लावली, आणि त्याला सांगितलं की मला सगळं येतं.

 मला वाटलं चिडेल, परंपरा काढेल. तो म्हणाला, "केव्हापासून?"

"तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून. तुझ्या आधी पाठ झालं मला."

"मग मला पाठीवर मार पडायचा तेव्हा तू हसायचीस ती म्हणून!" आणि तो खरोखर हसला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मग मांडी घालून माझ्यासमोर बसला, शिष्यासारखा, आणि म्हणाला, "दे."

मी शब्द दिले. तो दोनदा म्हणत गेला. सकाळी चार तास, दुपारी तीन तास. चुकीचे शब्द एकेक करून निघाले आणि खरे जागेवर बसले. आम्ही दोघं भातपिठलं खाऊन राहिलो. मोजणी बंद केली, अंगणात पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवसापासून खिडकीच्या काचेला बाहेरून पानं टेकलेली दिसू लागली. झुडूप तिथून चांगलं दहा हात लांब आहे. मी काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलं. पाचव्या दिवशी माझा घसा बसला. रोज सात तास बडबड केल्यावर कुणाचाही बसेल.

सभेत देवू उभा राहिला तेव्हा मी मागच्या सतरंजीवर बायकांत बसले होते. त्याचा आवाज स्वच्छ निघाला. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला. एक अक्षर चुकलं नाही. म्हातारे वैदिक मान डोलवत होते. शेवटी त्यांनी त्याला शाल घातली आणि तो गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आला, ती शाल माझ्या पायांवर ठेवली.  घसा साथ देत नव्हता. मी नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आयुष्यात इतकी सुखी मी कधी नव्हते.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला. देवू पुढच्या खोलीत शाल घडी करून ट्रंकेत ठेवत होता. खोकला नव्हता, काही नव्हतं. चहा झाल्यावर मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

आवाज फुटला नाही. घसा दुखत नव्हता, बसलाही नव्हता. जिथून आवाज निघतो ती जागा कळत होती, तिथे काही नव्हतं. मी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, श्वास बाहेर आला, बाकी काही नाही.

तेव्हा अंगणातून हाक आली.

"देवू, ये रे. ऊन आलंय."

माझाच आवाज. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, जरा खरखरीत, "रे" वर चढणारा.

"आलो ताई," म्हणत देवू मधल्या दाराने निघाला. मी स्वयंपाकघरातून धावले आणि त्याचा दंड धरला. तो दचकला. मग माझ्याकडे प्रेमाने बघून म्हणाला, "अगं, किती घाई करतेस! येतोच आहे ना."

मी कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, ती मी नाही, बाहेर जाऊ नकोस. त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. त्याने ते वाचलं. दोनदा वाचलं असेल. पण ज्याला लहानपणापासून शिकवलंय की खरं ते तोंडातून ऐकलेलं, कागदावरचं नव्हे, त्याच्यावर कागदाचा काय परिणाम होणार? त्याने पान नीट घडी करून माझ्या हातात परत दिलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. फाल्गुन लागला, फुलं झडायला हवी होती. एकही झडलेलं नाही, उलट नवे तुरे येताहेत. देवू सकाळी बसतो तो दिवे लागेपर्यंत तिथेच असतो. माझ्या आवाजात शब्द येतो, तो दोनदा म्हणतो. ते शब्द वडिलांनी कधी शिकवले नव्हते, मी कधी ऐकलेले नाहीत. जेवायला तो क्वचित आत येतो. पाच वेळा मी कोयता आणायला निघाले आणि पाचही वेळा आठवलं की फांदी तोडली तेव्हा त्याचं काय झालं होतं. आता सगळं तोडलं तर त्याच्यात काय उरेल?

रुचीला सगळं लिहून कळवलं. तिने उत्तरात मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर पाठवला, आणि काल तिनेच मला फोन केला होता असंही लिहिलं. मॅडम, तुमचा आवाज तर अगदी ठणठणीत वाटला, छान गप्पा मारल्या आपण.

आज दुपारी मी देवूसमोर जाऊन उभी राहिले. त्याच्या आणि झुडपाच्या मध्ये. वहीत लिहून धरलं होतं, देवू, मी इथे आहे, माझ्याकडे बघ. रडत होते मी. त्याने वही बाजूला केली, पदराचं टोक घेऊन माझे डोळे पुसले.

"ताई, रडतेस कशाला? आत्ता तर हसत होतीस," तो म्हणाला, आणि मला हळूच बाजूला सारून पुन्हा म्हणायला लागला.